लाल गोळ्यांची वाटणी

चिमण तांडेलच्या बोटीवर चहासुद्धा तोलून मिळायचा. तोलायला तराजू नव्हता, चिमणचे डोळे होते. भंडाऱ्याने, म्हणजे बोटीवरच्या स्वयंपाक्याने, किटली तिरकी केली की चिमण हातातलं जाळं सोडून तिकडे बघायचा, आणि कुणाच्या पेल्यात घोटभर जास्त पडला तर तो घोट पिण्याआधीच पेल्याचा मालक शरमायचा. माशाचं डोकं कुणाला आणि शेपूट कुणाला, याचीही पाळी लावलेली. गेल्या वेळी ज्याला डोकं मिळालं त्याला या वेळी शेपूट, मग त्याने कितीही तोंड वाकडं करो. तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, असून चिमण स्वतःही त्या पाळीत असायचा, आणि शेपटीची पाळी आली की ती सगळ्यांना दिसेल अशी खायचा. न्याय करायचा तर तो दिसायला नको का?

झरी गावातले आणि आसपासच्या पाड्यांवरचे बाप्ये नारळी पौर्णिमा झाली की वेरावळकडच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. तलासरी नाक्यावर बोटमालक शेठची लक्झरी बस येते, पिशव्या टपावर, माणसं आत. शिमग्याला परत. मधल्या काळात घरी भात कापला जातो, नाचणी झोडली जाते, एखादं पोर जन्मतं, एखादी म्हातारी जाते, आणि बाप्याला ते बंदराला लागल्यावर फोनमध्ये कळतं. दरसाल कुठला ना कुठला तांडेल खाली मान घालून परत येई. कुणाचा खलाशी पाण्यात गेलेला, कुणाचा पलीकडच्या देशाच्या तुरुंगात अडकलेला. चिमणची मान मात्र कधी खाली गेली नव्हती. "जितके नेले तितके आणले," एवढं एकच वाक्य तो शिमग्याच्या होळीपुढे उभा राहून बोलायचा. चार घोट ताडी पोटात गेली की तेच वाक्य पुन्हा बोलायचा.

त्याच्या बोटीवर कायदा एकच होता. एकट्याने खायचा नाय. घरून आणलेला लाडू असो की बिडीचा शेवटचा झुरका, सगळ्यांच्या हातातून फिरायचा. लपवून खाणाऱ्याला चिमण मारत नसे, शिवीही देत नसे. नुसता त्याच्या समोर बसून, तो खाऊन संपेपर्यंत बघत राहायचा. मार परवडला, असं खलाशी म्हणायचे.

त्याची बायको सुषमा गावची आशा सेविका होती. घरोघरी जाऊन खोकल्याची चौकशी करायची, संशय आला की थुंकीची डबी द्यायची, भरलेली डबी तलासरीच्या दवाखान्यात पोचवायची. "मी मासे गोळा करतो, ही थुंकी गोळा करते," चिमण चारचौघांत म्हणायचा. "आणि तुझ्या माशांपेक्षा माझा माल जास्त निघतो," सुषमा उत्तर द्यायची. ग्रामपंचायतीच्या दारावर 'क्षयमुक्त गाव' अशी चकचकीत पाटी लागली होती, तिच्यावर पृथ्वीच्या गोळ्याचं चित्र होतं, जगातून हा रोग हद्दपार करायचा असल्याचं खाली लिहिलं होतं. सुषमा त्या पाटीकडे बघून नाक मुरडायची. पाहणी झाली तेव्हा गावातले निम्मे बाप्ये समुद्रात होते. जो घरी नाही तो खोकत नाही, असा सरकारी हिशेब.

त्या पावसाळ्यात शेजारच्या सुदामची डबी तिनेच नेली. सुदाम चिमणचा जुना खलाशी, अंगाने काटक, बोलायला कमी. डबीत टीबी निघाला. गोळ्या सुरू झाल्या, लालसर विटकरी रंगाच्या, रोज सकाळी उपाशीपोटी चार एकदम. काही आठवड्यांत खोकला उतरला, तोंडाला चव आली, आणि नारळी पौर्णिमा जवळ आली तसा सुदाम सुषमाच्या मागच्या दारी येऊन उभा राहिला.

"वयनी, तांडेलला काय सांगू नको."

"का? खाणार आहे तो तुला?"

"खाणार नाय, ठेवून जाईल. मग घरची काय खातील?"

सुषमाने दोन्ही बाजू मनात मांडल्या. नवऱ्याला सांगितलं तर सुदाम घरी बसेल, आणि घरी बसला की दुसऱ्या कुठल्या तरी बोटीवर पळेल, तिथे गोळ्यांचं नावही काढणार नाही. नाही सांगितलं तर निदान तिच्या धाकाने खाईल. तिने तलासरीत जाऊन, गोड बोलून, थोडी भांडून, नेहमीपेक्षा जास्त गोळ्या मिळवल्या. संपल्या की वेरावळच्या सरकारी दवाखान्यात दाखवायची चिठ्ठीही आणली.

"रोज चार. एक दिवस चुकवायचा नाही. शपथ घे."

सुदामने आपल्या पोराची शपथ घेतली. सुषमाचा हिशेब चोख होता. फक्त त्यात तिने स्वतःचा नवरा धरला नव्हता.

बोट समुद्रात जाऊन फार दिवस झाले नव्हते. काळ्या भंडारी आगपेटी शोधत सुदामच्या वळकटीत हात घालून बसला आणि हाताला मिसरीचा डबा लागला. डबा हलका नव्हता आणि त्यात मिसरी नव्हती. काळ्याने तो उघडाच तांडेलपुढे आणून ठेवला.

"सुदाम, ह्या काय रे?"

"गोळ्या."

"त्या मला पण दिसतात. कशाच्या?"

सुदामने आजूबाजूला पाहिलं. चारी बाजूंना पाणी होतं, आणि बोटीवर सगळे हात थांबले होते. टीबी म्हटलं असतं तर पुढच्या बंदराला त्याची पिशवी खाली उतरली असती. "ताकदीच्या," तो म्हणाला.

"बघा! म्हणून हा आपल्याआधी उठतो," काळ्या म्हणाला. "मी समजायचो देवाला हात जोडतो."

"दिवसाला किती खातो?"

"चार."

"चार!" चिमणचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. ते जास्त वाईट. "चार-चार, आणि एकटा? कोणी दिल्या?"

"सुषमावयनीने."

चिमणला दोन गोष्टी एकदम लागल्या. एक, आपल्या बोटीवर लपवून खाल्लं गेलं. दुसरी, खाऊ आपल्याच घरचा होता. "माझ्या बायकोने दिल्या तर त्या सगळ्यांच्याच झाल्या."

"तांडेल, त्या माझ्या नावाच्या हायत."

"बोटीवर नाव एका बोटीला असतं," चिमण म्हणाला, आणि डबा स्वतःच्या फळीवर नेऊन ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून सकाळच्या चहाबरोबर वाटणी सुरू झाली. प्रत्येकाच्या तळहातावर एक लाल गोळी. सुदामलाही एक, सगळ्यांसारखीच. चिमणने आपली गोळी स्वतः खाल्ली नाही, ती भाच्याला, तुषारला दिली. तुषार बहिणीचा पोर, लग्न नवं, बोटीवर सगळ्यात लहान. तो सुदामच्या अंगाला अंग लावून एकाच ताडपत्रीखाली झोपायचा आणि हल्ली सकाळी ठसकायचा. "माझा वाटा आहे, मी कोणाला पण देईन," चिमणने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगून टाकलं, म्हणजे पुढे कुणी पक्षपात म्हणायला नको.

पहिल्याच दिवशी गोळीने आपली करामत दाखवली. बोटीच्या कडेला उभं राहून जो तो समुद्रात बघायला लागला. लघवी तांबडी-केशरी होत होती.

"अरे, माझी तर शेंद्रासारखी!"

"अंगातली गरमी निघते ती," काळ्याने निकाल दिला. "औषध असला पायजे तर असला. आमच्या पाड्यावरचा डॉक्टर सुई टोचतो नी पाणी काढतो, याने रंग काढला."

हसण्याची लाट उठली. त्या हसण्यात सुदामही होता. तळहातावरची एक गोळी घशाखाली ढकलताना तो कधी कधी चिमणकडे बघायचा. ओठ हलायचे. चिमणला वाटायचं, याला अजून चार हव्यात. हावरट. माणूस चांगला, पण तेवढी एक खोट. मग सुदाम पेला खाली ठेवायचा आणि जाळ्याकडे जायचा. त्याला आता पूर्वीइतका खोकला नव्हताच. एक काय, चार काय, असं त्याने स्वतःला पटवलं असावं. स्वतःला पटवायला समुद्रावर वेळ भरपूर असतो.

गोळ्या लवकरच संपल्या. वाटणी केली की कुठलीही गोष्ट लवकर संपते, पण संपताना कुणाची तक्रार राहत नाही. बंदराला लागल्यावर सुदामने एकदा दवाखान्याचं नाव काढलं, पण तेव्हा मासळी उतरवायची होती, बर्फ भरायचा होता, आणि एकट्याने काम सोडून जाणं खाण्याइतकंच वाईट दिसलं असतं. चिठ्ठी त्याच्या खिशात भिजली, वाळली, पुन्हा भिजली.

शिमग्याला लक्झरीतून सुदामला दोघांनी काखेत हात घालून उतरवलं. त्याच्या गालांचे खड्डे बघून त्याची आई हिरी आधी दुसऱ्याच खलाशाकडे गेली, मग वळली. चिमण तरीही होळीपुढे उभा राहून म्हणाला, "जितके नेले तितके आणले." ते खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सुषमा चुलीपुढे तांदळाची भाकरी थापत होती. चिमण उंबऱ्यावर बसून तुटका पट्टा शिवत होता.

"सुदामची ही दशा कशी झाली?"

"समुद्र मानवला नाय या वर्षी. आणि एवढ्या तुझ्या ताकदीच्या गोळ्या खाऊन."

"कुठल्या ताकदीच्या?"

"लाल. तू दिलेल्या. लपवून खात होता गं. मी बाहेर काढल्या नी सगळ्यांना वाटल्या. रोज एकेक. कोणाला कमी नाय, कोणाला जास्त नाय."

सुषमाचे हात परातीत तसेच राहिले. तव्यावरच्या भाकरीला आधी फोड आला, मग डाग, मग धूर.

"भाकरी जळते," चिमण म्हणाला.

"टीबीच्या होत्या त्या."

चिमणने पट्टा खाली ठेवला. सुषमाने त्याला सांगितलं, काही न गाळता, आणि सांगताना तिचा आवाज एखाद्या अनोळखी बाईसारखा सपाट होता. पावसाळ्यातली डबी. रोजच्या चार. मागच्या दारची शपथ.

"मला कोणी सांगला नाय," तो शेवटी म्हणाला.

"सांगितलं असतं तर घेतला असतास बोटीवर?"

खोटं बोलायला हीच वेळ होती. दुसरा कुणी नवरा बोलला असता. पण चिमण न्यायाचा माणूस. "नसता घेतला," तो म्हणाला.

"मग?"

चिमणने पट्टा पुन्हा हातात घेतला. तिला त्या 'मग'चं उत्तर नकोच होतं, कारण त्याचा निम्मा भाग तिच्याकडेच निघाला असता.

सुदामला डहाणूला नेलं. तिथली डॉक्टर प्राजक्ता वयाने लहान, डोळ्यांखाली काळवंडलेली, बोलताना कागदाकडे न बघता माणसाकडे बघणारी. तिने तपासण्या केल्या आणि चिमणला बाहेरच्या बाकावर बसवून समजावलं. पूर्ण मार बसला तर हा जंतू मरतो. अर्धा मार बसला तर तो मरत नाही, औषध ओळखायला शिकतो. सुदामच्या छातीतला जंतू आता नेहमीच्या गोळ्यांना भीक घालत नव्हता. नव्या, भारी गोळ्या होत्या. त्यांनी बरेच लोक बरे होतात. पण त्यांनाही काम करायला थोडी छाती शिल्लक लागते.

"बोटीवर बाकी कोण होते? सगळ्यांना आणा," ती म्हणाली. "पूर्वी छातीचा फोटो काढणारी गाडी पाड्यावर यायची. बाहेरच्या देशाचा पैसा होता तिला. तो बंद झाला, गाडी थांबली. आता तुम्हीच आणा."

चिमणने जीप ठरवली. खलाशी आले, म्हणजे जे घरी सापडले ते आले. डहाणूच्या बाजारात भेळ खायला मिळेल म्हणूनही काही आले. इतर सुटले. तुषार नाही सुटला. त्याच्या थुंकीत तोच जंतू होता, शिकलेला.

सुदाम पहिल्या पावसाआधी गेला. नव्या गोळ्या त्याच्या पोटात ठरत नव्हत्या, आणि ठरायला लागल्या तेव्हा श्वास ठरेना.

आता गाव आपल्याला धरेल, अशी चिमणची खात्री होती. त्याने तयारी केली होती. कुणी विचारलं तर काय सांगायचं, कुणी अंगावर आलं तर हात वर करायचा नाही, हेसुद्धा ठरवलं होतं. पण कुणी विचारेचना. दिवसकार्याला लोक त्याच्याच शेजारी बसले, त्याच्याच हातात आधी चहाचा पेला आला. समुद्राने पोर पोखरला, म्हणाले. शेठने जास्त राबवला, म्हणाले. शेवटी तो स्वतःच हिरीपुढे जाऊन बसला.

"हिरीआते, त्या गोळ्या सुदामच्या होत्या. त्याच्या औषधाच्या. मी काढून घेतल्या नी वाटल्या. म्हणून गेला तो."

म्हातारीने त्याच्याकडे पाहिलं. तिला कळलं की नाही, ते तिच्या डोळ्यांवरून कळेना.

"तू तुझी गोळी पण खाल्ली नाय म्हणतात," ती म्हणाली. "भाच्याला दिली."

"ते नाय गं आते, ऐक..."

"माझा पोर एवढी माणसं समोर असताना एकटा खात बसला असता, तर माझी मान खाली गेली असती." तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तू बरोबर केलास."

चिमण तिथून उठला तो थेट घरी आला आणि ओट्यावर रस्त्याकडे पाठ करून बसला. शिव्या मिळाल्या असत्या तर वाटून घेता आल्या असत्या. ही माफी त्याला एकट्यालाच मिळाली होती.

त्या वर्षी त्याने शेठला नाही म्हणून कळवलं. बोट हाल्याकडे गेली, पलीकडच्या पाड्यावरचा उमदा, हसरा गडी. चिमणने सगळं लक्ष तुषारवर लावलं. भाच्याने या वर्षी घरी राहायचं, नव्या गोळ्या संपेपर्यंत खायच्या, मग जग आहेच. सुषमा रोज सकाळी त्याच्या दारी जायची. तुषार तिच्यासमोर गोळ्या गिळायचा, जीभ बाहेर काढून दाखवायचा, "बघ मामी, पोटात गेल्या," म्हणून हसायचा. वजन वाढलं. रंग आला. आणि तिथेच घात झाला, कारण बरं वाटणाऱ्या माणसाला आजारी ठेवणं कुणाला जमलंय?

नारळी पौर्णिमेनंतर एका सकाळी सुषमाला दार बंद दिसलं. तिने चिमणला फोन लावला. चिमण शेतावरून चिखलाच्या पायांनी मोटारसायकलवर बसला आणि तलासरी नाक्यावर पोचला तेव्हा लक्झरीचं इंजिन चालू होतं, टपावर दोऱ्या आवळल्या जात होत्या. तुषार खिडकीशी बसला होता.

"उतर."

"मामा, तू इथे कशाला आला?"

"उतर म्हणतो ना! गोळ्या संपल्या नाय तुझ्या."

"घेतल्यात सोबत." तुषारने मांडीवरची पिशवी थोपटली. "मामीने महिन्याच्या घरी ठेवलेल्या, त्याच. संपल्या की बघू. आणि मागच्या वर्षी पण खाल्ल्याच ना? तुझ्या वाट्याची पण खाल्ली. किती खाऊ आणखी?"

चिमण गाडीत चढला. मधल्या वाटेत उभं राहून त्याने हाल्याला हाक मारली. "हाल्या, याला घेऊ नको. याला टीबी हाय. साधा नाय, सुदामला होता तो."

गाडीतल्या माना तुषारकडे वळल्या. मग कुणी तरी मागून म्हणालं, "स्वतः जात नाय, नी दुसऱ्याला जाऊ देत नाय." थोडं हसू पसरलं, वाईट नव्हे, घरच्यासारखं.

"दादा, बस आधी," हाल्या म्हणाला. "पोराकडे बघ. असा दिसतो टीबीवाला? आणि औषध हाय त्याच्याजवळ. माझ्या बोटीवर त्याची काळजी नको. तुझा कायदा मी पण लावणार हाय. सगळ्यांना सांगितला, चिमणदादासारखी बोट चालवायची. लपवायचा नाय, एकट्याने खायचा नाय." त्याने तुषारला विचारलं, "त्याच ना रे त्या, लाल?"

"आता वेगळ्या हायत," तुषार म्हणाला. "या जास्त भारी."

"मग तर चांगलाच!"

"सुदामला मी मारला," चिमण ओरडला. "ऐकता का? समुद्राने नाय, शेठने नाय. मी. गोळ्या वाटून मारला!"

पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या खलाशाने त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं. "बसा तांडेल. मनाला लावून घेतलात तुम्ही. इतकं कोण लावून घेतो आजकाल?" ड्रायव्हरने आरशात बघून विचारलं, हा उतरणार की येणार. हाल्या म्हणाला, थोडा वेळ बसू दे, पुढे आच्छाड नाक्यावर उतरवू. गाडी हलली.

चिमण बसून राहिला. खिडकीबाहेर नाका मागे गेला, ढाबे गेले, हायवेच्या कडेचं गवत हिरवंगार वाकत होतं. मागच्या बाकावर तुषार ठसकला, एकदाच, तोंडावर हात न घेता. कुणी वळलं नाही. कुणीतरी भाजलेल्या शेंगांची पिशवी फोडली, आणि ती बाकामागून बाक, हातातून हातात पुढे येऊ लागली. प्रत्येकाने मूठ घ्यायची आणि पुढच्याला द्यायची. पिशवी चिमणपर्यंत आली तेव्हा बरोबर एक मूठ उरली होती, कारण मागच्या प्रत्येकाने आपली मूठ थोडी लहान घेतली होती.

सगळे खात होते. तो एकटाच हात आखडून बसला असता तर बरं दिसलं नसतं. चिमणने शेंग फोडली.